पडलेले कागद

तायाचा हात कागदांपर्यंत पोचायच्या आतच नोन्ना ओरडली.

"हात लावू नकोस!"

ताया वाकलेलीच थांबली. तालमीच्या खोलीत लांब टेबलाभोवती चाललेली कुजबुज बंद झाली. रिम्मा पाव्लोव्हनाच्या हातून निसटलेली संहिता तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर पडली होती. तीही नव्या नाटकाच्या पहिल्याच वाचनाला.

पडलेली संहिता तशीच उचलायची नसते. जिच्या हातून पडली, तिनेच आधी त्या कागदांवर बसायचं आणि मग ते उचलायचे. नाहीतर भूमिका पडते. राजधानीतल्या मोठ्या नटांपासून व्होल्गाकाठच्या या लहान गावातल्या नटांपर्यंत सगळे हे पाळतात. राजधानीतून आलेला तरुण दिग्दर्शक ग्लेब इगोरेविचसुद्धा पेन्सिल खाली ठेवून वाट पाहत होता.

"बस बाई एकदाची," नोन्ना म्हणाली. ती नटांना विसरलेली वाक्यं पुरवणारी प्रॉम्प्टर होती आणि रिम्माची जुनी मैत्रीण. "चहा गार होतोय."

"बसते गं. तुझ्यासारखी जन्मभर रंगमंचाखालच्या खड्ड्यात बसले असते, तर सवय असती."

सगळे हसले. रिम्मा पाव्लोव्हनाही हसली, पण खुर्चीची पाठ तिने सोडली नाही.

नाटकघराचा जिना चढताना ती प्रत्येक वळणावर जुनी पोस्टरं बघत उभी राहायची. त्या पोस्टरांत बघण्यासारखं काही नव्हतं, हे एकट्या नोन्नाला माहीत होतं. तरुणपणी एका चित्रपटासाठी रिम्मा गोठलेल्या नदीवरून अनवाणी धावली होती, दिग्दर्शकाचं समाधान होईपर्यंत पुन्हा पुन्हा. बाजारातली कोबीवाली अजूनही तिला त्या चित्रपटातल्या नावाने, दुन्या म्हणून हाक मारते आणि खारवलेल्या कोबीची एक मूठ जास्त घालते. ते धावणं लोकांच्या लक्षात राहिलं होतं. गुडघ्यांच्याही.

त्यानंतर शेजारणी, आत्या, नव्या वर्षाच्या बालनाट्यांतल्या चेटकिणी. आता इतक्या वर्षांनी ही आईची भूमिका, पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचीच. रिम्माला जमलं नाही तर त्याच भूमिकेत उभी राहायला दुसऱ्या फळीत ताया होती. ती आता चाळिशीला आली होती आणि आजवर नाटकांत रिम्माच्या मुलींची कामं करत आली होती.

"शेवटी मुलाच्या कबरीपाशी गुडघे टेकायचेत. जमेल ना?" ग्लेबने आठवड्यापूर्वी विचारलं होतं.

"न जमायला काय झालं?"

आता तिने गळ्यातला क्रूस चाचपला आणि खुर्चीच्या आधाराने ती हळूहळू खाली गेली. कागद चुरगळले. टाळ्या पडल्या.

"छान! उठा आता, सुरू करू या," ग्लेब म्हणाला.

तिने तळवा जमिनीला टेकला, जोर दिला. मग तळवा उचलून स्कर्ट सारखा केला.

"मी इथूनच वाचते."

"अहो, पण संहिता तुमच्याखाली आहे."

"असू दे."

वाचन सुरू झालं. समोर कागद नसताना ती बोलत गेली. नोन्नाचं बोट स्वतःच्या प्रतीवर ओळीओळीने सरकत होतं, पण तिला ओठ हलवावे लागले नाहीत. ग्लेबने आणलेल्या केकला रिम्माने हात लावला नव्हता, कारण इस्टरच्या आधीचा मोठा उपास होता. आता बाकीच्यांचेही केक तसेच पडून राहिले. शेवटच्या दृश्यात आई मुलाला म्हणाली, "थंडी वाजत असेल ना रे तुला." टेबलाशी कुणीतरी नाक ओढलं.

ग्लेब उठून उभा राहिला.

"हेच! असंच, जमिनीवर! आणि मग उठायचं. कुणाचा आधार न घेता, पाठ ताठ ठेवून चालत जायचं. एकदा करून दाखवता?"

"अहो, आधी चहा तरी..." नोन्ना मध्येच म्हणाली.

"नोन्ना, राहू दे."

रिम्मा पाव्लोव्हना दारापर्यंतच्या मोकळ्या फरशीकडे पाहत राहिली.

"ताया, इकडे ये गं."

ताया धावत आली आणि रिम्माला उठवायला तिने दोन्ही हात पुढे केले. रिम्मा एका बाजूला कलली. अंगाखालचे कागद तिने ओढून काढले, मांडीवर ठेवून त्यांचे दुमडलेले कोपरे सरळ केले आणि तायाच्या त्या हातांत ठेवले.

"यांच्यावर बसून झालंय. आता भूमिका पडायची नाही."

"रिम्मा पाव्लोव्हना, हे काय..."

"करून दाखव त्यांना. खाली जाताना घाई नको करूस. या वयात आधी हात टेकतात, मग गुडघा."

नोन्ना चहाचे दोन पेले घेऊन आली आणि कण्हत रिम्माशेजारी जमिनीवर बसली.

"सरक थोडी. आता आपल्याला उठवणार कोण?"

"बघू," रिम्मा म्हणाली आणि केव्हाच गार झालेल्या चहावर तिने फुंकर घातली.

समोर ताया खाली जात होती. आधी हात.