शेवटच्या ठोक्याआधी

टोलाच्या हातोडीच्या दांड्यावर हिरवी वायर गुंडाळलेली होती... कालपर्यंत तिथे चिंधी होती, डोमाजी जमादाराच्या स्वतःच्या पायपट्टीची, पोलिसांच्या हाफपँटच्या जमान्यातली — आणि ती काढून टाकताना प्रेमदासने त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं. डोमाजीने वायरीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत, पक्कं काम. तेच जास्त झोंबलं.

समोर नवं पोलीस ठाणं उभं होतं, चुन्याचा वास अजून ओला. आज अकराला उद्घाटन, अकराचा टोल हाच ठाण्याचा पहिला टोल, आणि तो कोण देणार हे ठाणेदारांनी अजून सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात? बाहत्तर साली या गावात चौकी आली म्हणजे काय आलं — नाक्याची एक खोली, एक बाक आणि डोमाजी! पुलगावच्या कवडू गँगमनला गळ घालून रुळाचा तुकडा त्यानेच आणला, बैलबंडीत घालून, आणि कडुनिंबाला टांगला. बायांचं पाणी, मास्तरांची शाळा, सगळं त्या टोलावर चालायला लागलं. आज तोच तुकडा नव्या पोर्चमध्ये लटकत होता, लाल रंग देऊन. रंग कोणी दिला? प्रेमदासने. दुसरं कोण देणार!

हा प्रेमदास शिपाई आला तोच फुलपँटमध्ये, आणि रात्रपाळीचा टोल त्याच्याकडे गेला. मनगटावर घड्याळ, खांदा दणकट, बोलणं गोड... जळत होता डोमाजी, खोटं कशाला बोला. काल भाकर वाढताना रुख्माबाई, त्याची स्वतःची बायको, म्हणाली होती, “प्रेमदासचा टोल घरापोत कसा खणखणीत येते, नाई?” अर्धी भाकर तशीच ताटात राहिली. बाई गं, इतकी वर्षं कोणाच्या टोलावर चूल पेटवलीस तू? दारूबंदीच्या पहिल्याच उन्हाळ्यात मोहाच्या भट्टीवर धाड घातली, कॅन घेऊन पळणाऱ्याच्या मागे धावताना मी नाल्यात पडलो, तेव्हापासून हा उजवा खांदा — हूं की चूं केलं का कधी? शेवटच्या ठोक्याला हात वरच जात नसे. मग जरा थांबायचं, दम घ्यायचा, हातोडी डाव्या हातात घ्यायची आणि द्यायचा एकदाचा ठोका. घरीदारी कुणाला कळू दिलं नाही. कळतं तर दिवसाचा टोलही दुसऱ्याकडे गेला असता.

“जमादार, तुम्ही खुर्चीवर बसा,” ठाणेदार म्हणाले. “वडीलधारे तुम्ही. टोल प्रेमदास देईल.”

“काऊन उभे राह्यले, जमादार? बसा न तुमी,” म्हणत प्रेमदासने आपल्या रुमालाने खुर्ची पुसली.

डोमाजी बसला. वर्ध्याहून आलेले मोठे साहेब शेजारीच होते. चुकू दे, त्याने मनात म्हटलं, एक ठोका कमी पडू दे, सगळ्यांसमोर फजिती होऊ दे मेल्याची... लाज वाटली, पण मागणं मागे घेतलं नाही.

टोल सुरू झाला. खणखणीत, एकसारखा. डोमाजी बोटांवर मोजत होता — आठ, नऊ, दहा — आणि प्रेमदास थांबला. चुकला! डोमाजी खुर्चीत पुढे सरकला. प्रेमदासने शांतपणे एक श्वास घेतला, हातोडी डाव्या हातात घेतली, आणि अकरावा ठोका दिला.

“हे मध्येच थांबणं कसलं?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“रिवाज हाये साहेब, इथला. जमादारांपासूनचा. शेवटच्या ठोक्याआधी थांबाचं, हात बदलाचा.”

“वा! हा रिवाज मोडू नका.”

टाळ्या पडल्या. अरे, तो रिवाज नव्हता रे, दुखणं होतं... ओठांपर्यंत आलं होतं. एवढं बोललं की झाली असती फजिती, मागितली तशी. पण प्रेमदास त्याच्याचकडे पाहत होता, शाबासकी मागितल्यासारखा. आणि डोमाजीला वाटलं, याने आपल्याला किती निरखून पाहिलं असेल, रुख्माबाईनेही कधी पाहिलं नाही इतकं. तरी आतली आग काही विझेना. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं, फक्त आपलं असलेलं ते दुखणंसुद्धा आता याचं झालं होतं — आणि त्याच्या हातात ते शोभून दिसत होतं.