कोरडा पाय

परदेशातल्या अनाथ मुलांची सेवा करायला चर्चच्या मंडळीतली अठरा माणसं नऊ दिवसांसाठी विमानाने आली होती, आणि त्यातली सतरा पहिल्याच दिवशी स्वतःच्या प्रेमात पडली होती. अठरावी होती नर्सबाई. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या ड्रेसिंग रूममध्ये उभी राहून ती नुकतीच निवृत्त झाली होती. तिला इथे फुगे फुगवायचं काम मिळालं होतं.

लांबट फुगे. पीळ घालून त्यांचा कुत्रा करायचा आणि मुलांना वाटायचा. तुकडीचा पुढारी तिचा धाकटा दीर होता. "वहिनी, औषधपाणी आपल्या कार्यक्रमात बसत नाही," असं त्याने विमानातच सांगून टाकलं होतं. कार्यक्रमात मग काय बसत होतं? सकाळी हातवारे करून गाणी, दुपारी बाहुल्यांचा खेळ आणि संध्याकाळी एकमेकांच्या गळ्यात पडून रडणं. मुलांनी गाणी पहिल्याच दमात बिनचूक म्हटली, तेव्हा जाऊबाईंना गहिवरून आलं. "बघा, किती पटकन शिकली!" याच गाण्यांची घोकंपट्टी यंदा आधीच्या चार तुकड्या करवून गेल्या होत्या. त्यांचे फोटो भिंतीवर होते. पण ज्या फोटोत आपण नाही तो फोटो जाऊबाईंना दिसतच नसे.

तिसऱ्या दिवशी फुगा मागायला एक पोर एका पायावर उड्या मारत आली. सहाएक वर्षांची. नर्सबाईने तिचं नाव मनातल्या मनात टुणुक ठेवून टाकलं. दुसऱ्या पावलावर उकळतं पाणी सांडलं होतं आणि वर पट्टी होती. पट्टी पाहून नर्सबाई थबकली, कारण ती चोख बांधलेली होती. बांधणारी होती इथली स्वयंपाकीणबाई. चोवीस पोरांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं सगळं तीच बघायची, आणि सतरांपैकी एकानेही तिला साधा नमस्कार केला नव्हता.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. स्वयंपाकीणबाईने पट्टी सोडून दाखवली, उकळून गार केलेलं पाणी दाखवलं, इस्त्री फिरवलेलं फडकं दाखवलं. खाली कोवळी गुलाबी कातडी धरायला लागली होती. नर्सबाईने पिशवीतून चांगल्या गॉजची पाकिटं काढून तिच्या हातावर ठेवली. अजून आठवडाभर पाय कोरडा राहिला तर पोर धावायला लागणार होती. घाण पाणी लागलं तर पू होणार होता, आणि हॉस्पिटल तिथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं.

तिने दिराला गाठलं. "भावजी, शेवटच्या दिवशी पाय धुण्याचा कार्यक्रम आहे ना? या पोरीला त्यातून वगळा. तिचा पाय अजिबात भिजता कामा नये."

"अहो वहिनी, काळजीच करू नका," तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला.

शेवटच्या दिवशी अंगणात खुर्ची मांडली गेली आणि निळा टब आला. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे आपण या लेकरांचे धुवायचे. यात नर्सबाईला काहीच वावगं वाटत नव्हतं. जन्मभर तिने तेच केलं होतं, फक्त कॅमेऱ्याशिवाय. घोळ वेगळाच झाला. पाहुणे पायांना हात लावणार म्हणून स्वयंपाकीणबाईने पहाटे उठून सगळ्या पोरांचे पाय घासूनपुसून ठेवले होते.

"अहो, हे तर स्वच्छच आहेत!" जाऊबाई कॅमेऱ्यातून बघत वैतागल्या. "व्हिडिओत दिसणार काय?"

दिराने क्षणभर विचार केला आणि पोरांना मागच्या चिखलात पकडापकडी खेळायला सोडलं. एका पायावरची टुणुक तेवढी पायरीवर बसून राहिली. स्वयंपाकीणबाई कमरेवर हात ठेवून दारातून बघत राहिली. नर्सबाईला तिच्याकडे मान वर करून बघवेना. अशा माणसांबरोबर आपण एकाच रंगाचा टी-शर्ट घालून उभ्या आहोत, याची तिला मनापासून किळस आली.

तेवीस पोरांचे चिखलाचे पाय एकाच टबात धुऊन झाले. पाण्याचा चहा झाला होता. पाय पुसायचा टॉवेल नर्सबाईच्या हातात होता.

"ती पट्टीवाली राहिली की!" जाऊबाई ओरडल्या. "तिला घ्या, तिला घ्या!"

दिराचा चेहरा उजळला. त्याने टुणुकला उचलून खुर्चीत बसवलं.

"भावजी, तिला नाही."

"वहिनी, कॅमेरा चालू आहे," तो हसरं तोंड तसंच ठेवून पुटपुटला. "हिलाच तर खरी गरज आहे. विश्वास ठेवा." आणि तो पट्टीची गाठ शोधायला लागला. गाठ स्वयंपाकीणबाईची होती, ती सहजासहजी सुटेना.

एकतीस वर्षं नर्सबाई डॉक्टरांपुढे मूग गिळून गप्प बसली होती. दिरापुढे त्याहून जास्त. तिने टॉवेल खांद्यावर टाकला, टुणुकला उचललं, तिला मांडीवर घेऊन स्वतः खुर्चीत बसली आणि चप्पल काढून आपला भेगाळलेला पाय टबात ठेवला.

"धुवा, भावजी."

"वहिनी, हे काय?"

"तेवीस झाले. हा चोविसावा. कॅमेरा चालूच आहे ना?"

दिराचे हात हवेतच राहिले. मघापासून डोळ्यांत आणलेलं पाणी कुठल्या कुठे आटलं. "इथे नको," तो हळूच म्हणाला. "घरी गेल्यावर बघू."

"घरी? घरी तुमचे सख्खे भाऊ अकरा महिने अंथरुणावर होते. पाय सुजून फुटले होते त्यांचे. तुम्ही दर रविवारी यायचात, दारात उभे राहून प्रार्थना म्हणायचात आणि नाकाला रुमाल लावून परत जायचात. ते आत बोलवायचे तुम्हाला. एकदा तरी आलात?"

जाऊबाईंनी कॅमेरा बंद केला. बाकीच्यांना अचानक फुगे गोळा करायची आठवण झाली. दीर उठला. "कंबर धरली माझी," असं म्हणत तो कुणाकडेही न बघता आत निघून गेला.

नर्सबाईने टुणुकची पट्टी बोटांनी दोनदा चाचपून पाहिली. कोरडी होती. एवढ्यात स्वयंपाकीणबाई स्वच्छ पाण्याची बादली घेऊन आली, टबातलं घाण पाणी तिने अंगणात भिरकावून दिलं आणि नर्सबाईचा पाय धुवायला ती खाली वाकली.

"छे, छे! इकडे आण," नर्सबाई म्हणाली. तिने पोरीला तिच्या कडेवर दिलं, बादली ओढली आणि आपला पाय आपणच धुतला.