मधला तुकडा

दोन हजार तेवीस साल, पितृपक्षातली आईची तिथी. पानं उठली होती, कावळाही घासाला शिवला होता. घाटकोपरला पंतनगरच्या घरात नंदा कॉम्प्युटरसमोर बसली होती. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. मागे बोरिवलीहून आलेली धाकटी बहीण शकु खुर्ची धरून उभी.

"दादा नाही आला तर राहू दे. आपले दोन तुकडे जोड ना."

"मधला नसताना शेवटचा उघडत नाही गं."

"करून तर बघ."

नंदाने हुकूम टाइप केला. पहिला तुकडा संपेपर्यंत मशीन मुकाट चाललं, मग अडलं.

नंदाची सगळी नोकरी अंधेरीच्या एका कचेरीत, कॉम्प्युटर विभागात गेली. तिथे माऊसला कुणी विचारत नसे. सगळं हुकूम टाइप करून. फाइली टारने एका गाठोड्यात बांधायच्या, जीझिपने दाबायच्या, मग तुकडे करून फ्लॉपींवर चढवायच्या. आई गेली तेव्हा तिच्या ओव्यांचं तासाभराचं रेकॉर्डिंग नंदाकडे होतं आणि ते तिघा भावंडांना हवं होतं. प्रत्येकाला अख्खी नक्कल देणं काही अवघड नव्हतं. पण अख्खी आई ज्याच्या त्याच्या घरी पोचली, की कोण कुणाच्या दारी येतंय? म्हणून नंदाने ते रेकॉर्डिंग दाबलं, त्याचे तीन तुकडे केले आणि वाटणी करावी तसे वाटले. पहिला स्वतःला, मधला अंबादासला, शेवटचा शकुला. मूळ फाइल पुसून टाकली. दरवर्षी तिथीला तिघांनी आपापला पेनड्राइव्ह आणायचा, जोडायचं, ऐकायचं आणि जोडलेलं पुन्हा पुसायचं. दुसरी प्रत असल्याशिवाय मूळ पुसू नका, असं कचेरीत जन्मभर लोकांना बजावत आलेली बाई ती.

गेल्या वर्षी शकु जेवताना अंबादासला बोलून गेली होती, "आई शेवटी माझ्याकडे का राहिली, तुझ्याकडे का नाही, ते जरा विचार स्वतःला." अंबादास पानावरून उठला नाही. पण त्यानंतर वर्षभर त्याचा फोन नव्हता.

"माझ्या जिभेला हाड नाही," शकु म्हणाली. "चल, वाकोल्याला जाऊ. पाय धरते त्याचे."

दोघी रिक्षाने गेल्या. अंबादासने बनियनवरच दार उघडलं.

"दादा, चुकलं माझं. चार शिव्या दे, पण तुकडा दे."

"तू कुठे खोटं बोललीस?" तो म्हणाला आणि खाटेवर बसला. "नाहीये गं तो. मी खिशातच ठेवायचो. कुठे ठेवणार, पोरं हात लावतात. पॅंट मशीनमध्ये गेली. तांदळात पुरून ठेवला, स्टेशनजवळच्या सगळ्या दुकानांत दाखवला. वाट लागली त्याची."

"मग सांगायचं नाही होय?" नंदा म्हणाली.

"काय सांगू, ताई? म्हटलं, दादा रागावलाय असंच वाटू दे. आईला धुऊन टाकणाऱ्या भावापेक्षा ते बरं."

शकुने तोंडाला पदर लावला.

"शर्ट घाल," नंदा म्हणाली. "घरी चल."

"काय घेऊन येऊ आता?"

"काही नको. हात हलवत ये."

दिवेलागणीला तिघं घाटकोपरला बसली. नंदाने एकटा पहिला तुकडा उघडला. आधी नुसती खरखर, मग सुपाचा सळसळता आवाज, बांगड्या, मागे कुठेतरी कुकरची शिटी, आणि त्यातून वाट काढत आई आली. भिंती जरा मागे सरल्या. शकु खाली जमिनीवर कधी बसली ते कुणाला कळलं नाही. आई कुणासाठी म्हणून गात नव्हती, तांदूळ पाखडत होती. वीसेक मिनिटं ओव्या चालल्या, मग ही आली.

"परसातल्या फणसाला, फळ बुंध्याशी लागलं,
लेकराचं मन बाई, मुळापाशीच..."

आणि आवाज तुटला.

"जागलं," अंबादासने तुटलेली ओळ पुरी केली.

"छे रे, थांबलं," शकु म्हणाली.

"जागलं म्हणायची. मी काय बहिरा आहे?"

"कान तपासून घे तू."

नंदाला दोन्ही शब्द खरे वाटले. इतकी वर्षं ऐकताना ती आईच्या आवाजात असायची, शब्दांत नव्हे.

दुसऱ्या दिवशी नंदाने त्या पहिल्या तुकड्याच्या प्रती करून दोघांना देऊन टाकल्या. आता कुणाला कुणाकडे जाण्याचं कारण उरलं नव्हतं. तरी पुढच्या तिथीला दोघंही आली, त्याच्या पुढच्याही. अंबादास वाकोला सोडून मुलाकडे वसईला राहायला गेला. कानाला मशीन लागलं, तरी 'जागलं' सोडत नाही. नंदाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळ्यावरची पांढरी अक्षरं तिला आता उजळ दिसतात.

शकुच्या पेनड्राइव्हमधली आई शाबूत आहे, फक्त उघडत नाही. परवा जावयाने प्रवासाला गाणी भरून न्यायला तो मागितला.

"त्यात जागा नाही," शकु म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडू लागली.