फोटोखालचं नाव

तेव्हा बालाघाटात वेबसाइट म्हणजे नवलाईच. मंजूनं पहिली वेबसाइट करायला घेतली ती सख्ख्या मामाच्या राइस मिलची, म्हणून तिच्या आईला, अंजनाबाईला, केवढा हुरूप! तेजराममामा घरी आला, की मंजूचे बाबा, भोजराज, पेपर घेऊन मागच्या अंगणात जाऊन बसायचे. या कामाच्या निमित्तानं तरी दोघं पुन्हा बोलतील, एवढीच त्या माउलीची आस.

रुसव्याचं कारण सांगितलं तर हसाल. मामाच्या पोरीच्या लग्नात भोजराजांनी मंडपापासून आचाऱ्यापर्यंत सगळं अंगावर घेतलं, एक पैसा न घेता. आणि पत्रिका छापून आली, तर विनीत म्हणून अख्खी भावकी, मिलचा मुनीमसुद्धा, फक्त घरच्या जावयाचं, भोजराजांचंच, नाव गायब! वर मामा म्हणतो कसा, "नावानं काय फरक पडते?" झालं! भोजराजांनी शेवटची पंगत उठेपर्यंत वाढलं, पण स्वतः घास खाल्ला नाही.

तर त्या दिवशी मंजूनं मामाला कॉम्प्युटरवर पान दाखवलं. धानाच्या पिवळ्याधमक लोंब्या! मामा खूश. मग त्यानं चष्मा लावला.

"हे खाली कोनाचं नाव?"

"ज्यानं फोटो काढला त्याचं. नेटवर फुकट देते तो. अट एकच, खाली नाव लिहा."

"फुकटचा फोटू अन् त्याले नाव? मिल माही हाय! काढ ते."

"फुकट देल्ला म्हणून आपला नाही होत, मामा. हक्क त्याचाच हाय."

"त्याले कोन सांगाले जाते? नावानं काय फरक पडते?"

दारातून अंजनाबाईनं डोळे वटारले. काढ बाई, वाद नको. मंजूचा हात माउसवर गेलाही. पण तेच शब्द, तोच माणूस! तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

"मामा, बाबानं तरी तुमाले काय मागतलं होतं? नावच तं पाहिजे होतं!"

अंजनाबाईनं तोंडावर पदर घेतला. संपलं, आता भाऊही तुटला, असंच वाटलं तिला. मामा चष्मा काढून पुसत राहिला, पुसत राहिला.

"राहू दे ते नाव," तो शेवटी म्हणाला. "अन् वाचता येईन असं मोठं लिह."

मग उठून तो थेट मागच्या अंगणात गेला. मायलेकी दाराआड.

"भाऊजी, चुकलं माहं. वेबसाइटवर तुमचं नाव टाकतो. सगळ्यात वर."

आतलं सगळं बोलणं अंगणात ऐकू आलं होतं. भोजराजांनी पेपर खाली ठेवला. "काहून? म्या काय फोटू काढला?"

मामाची मान खाली गेली. भोजराजांनी सरकून त्याला शेजारी बसायला जागा केली.

"नाव नको आता. लग्नाचं जेवण राह्यलं हाय माहं, ते कधी देतं सांग."