मोजणी नव्हे, हाक

किसुमूजवळच्या कोगोन्यो वस्तीत लेकरं मोजायची नाहीत. बकऱ्या मोजा, जाळ्यातले मासे मोजा. लेकरं मोजली की मरणाच्या कानावर जातं. म्हणून मागल्या साली शिक्षण कचेरीचा कारकून वही घेऊन आला, तेव्हा दामारिस अपोंडीनं दारातच सांगितलं, "दोन." घरात नातवंडं सहा.

अपोंडी प्रार्थनामंदिरात दर रविवारी गाऊन प्रवचन करी. ढोलावर थाप पडली की म्हाताऱ्यांचेही पाय हलत. पवित्र ग्रंथातल्या दावीद राजानं प्रजा मोजली आणि देशात मरी आली, ही कथा तिनं त्या साली अशी रंगवली, की अख्ख्या वस्तीनं कारकुनाला निम्मीच लेकरं सांगितली. वस्ती दहा वर्षांत तिप्पट झालेली, कागदावर मात्र रोडावलेली. शाळा मिळाली नाही. लेकरं किसुमूचा महामार्ग ओलांडून पलीकडच्या शाळेत जात. तिथं पहिलीच्या एका वर्गात एकशे तीस.

त्या वर्गाचा मास्तर विक्लिफ ओग्वेनो गुरुवारी अपोंडीच्या अंगणात आला. ती बारीक मासळी वाळत घालत होती.

"आजी, कारकून परत येतोय. या खेपेला आकडा भरला नाही, तर शाळा टेकडीवाल्यांना."

"जाऊ दे की. त्यांचीही लेकरं देवाचीच."

"परवा तुमची अज्वांग ट्रकच्या भोंग्याला घाबरून भर रस्त्यात बसली. मी उचलून आणली."

अपोंडीचा हात थांबला. "मला कुणी बोललं नाही."

"तिनंच शपथ घातली होती. आजी शाळा बंद करील म्हणाली."

अपोंडीनं उगीचच दोन मासे उलटे केले. तिचा थोरला असाच कुणीतरी बोटांवर मोजला होता. आठवड्यात तापानं गेला. "दावीदाचं मी नाही सांगत बाबा, ग्रंथ सांगतो."

"ग्रंथात मेंढपाळही आहे. शंभरातलं एक हरवलं म्हणून रानोमाळ फिरला. न मोजता त्याला कळलं कसं?"

"तुझा शेंबूड मी पुसलाय, ओग्वेनो. आता मला ग्रंथ शिकवतोस?"

"म्हणून तर विचारायला तुमच्याकडेच आलो."

दोन दिवस तो प्रश्न चुलीच्या धुरासारखा तिच्या डोळ्यांत राहिला. शनिवारी तिनं मास्तराला निरोप धाडला: कारकुनाला रविवारी मंदिरात आण, मागच्या बाकावर बसव, आणि तोंड बंद ठेवायला सांग.

रविवारी तिनं मेंढपाळाची कथा लावली. "सांज झाली, मेंढपाळ कोंडवाड्याशी आला. त्यानं मोजलं का गं?"

"नाही मोजलं," बायांनी पालुपद धरलं.

"मग केलं काय? एकेकीला नावानं हाक मारली. जिची ओ आली नाही, ती हरवली." ढोल थांबला. गाता गाताच तिनं हाक दिली, "अज्वांग!"

"ओ, आजी," पोर उभी राहिली. मग अपियो, अडोंगो, आवुओर, ओकेलो, ओपोंडो. दोन सांगणारीची सहा लेकरं भर मंदिरात उभी होती.

"मी खोटं बोलले होते," अपोंडी त्याच सुरात गायली. "आता तू, फिलिस्टर. मोजू नकोस. नुसती हाक मार."

पालुपद धरणाऱ्या बायांतल्या फिलिस्टरनं घाबरत आपल्या लेकरांतलं पहिलं नाव घेतलं. मग आवाज सुटला. घर संपलं की दुसरं घर. प्रत्येक 'ओ'सरशी ढोलाची एक थाप. एक आई आपल्याच पाचव्याचं नाव विसरली, तेव्हा सगळं मंदिर हसलं. मागच्या बाकावर कारकुनाची पेन्सिल रेघा ओढत राहिली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मावशी, भरून वर उरली. आकडा सांगू?"

"मला नको. शाळा बांधणाऱ्याला सांग."

"बांधायला वर्ष तर लागेलच."

सोमवारी सकाळी लेकरं महामार्गाशी आली, तर काठी टेकून अपोंडी आधीच उभी. एक ट्रक जाऊ दिला, दुसरा जाऊ दिला. मग रस्ता मोकळा बघून तिनं सूर लावला, "अज्वांग!" पोर पळत पलीकडे पोचली, आणि पलीकडून ओग्वेनोनं ओ दिली. मगच तिनं पुढचं नाव घेतलं.