चार बांध्या, तीन धुरे आणि लहान ट्रॅक्टर

रस्ता

आधी हे ऐका की लहान ट्रॅक्टर मलाच हवा होता. गावात नंतर काय काय बोललं गेलं. गोकुळा यंत्राला आडवी गेली. गोकुळाने सोसायटीचं हसं केलं. बोलू द्या. ट्रॅक्टर मीच मागितला होता.

सोसायटीकडे पाच वर्षांपासून एक मोठा ट्रॅक्टर होता. सरकारकडून आला तेव्हाच जुना. त्याची मागची चाकं माझ्या खांद्याएवढी. कुरखेड्याकडची पडीत जमीन फोडायला तो बरा होता, पण आमच्या धानाच्या बांधीत, म्हणजे पाणी साठवायच्या खाचरात, उतरवला की वळताना पुढून एक धुरा, म्हणजे बांध, खायचा आणि मागून दुसरा. म्हणून तो बाभळीखाली उभा असायचा. आता त्याच कंपनीने नवा, लहान ट्रॅक्टर काढला होता. जुना देऊन तो घ्यायचा, की जुनाच ठेवून मधले धुरे काढून टाकायचे आणि सगळं एकच वावर करायचं? सोसायटीच्या बैठकीत महिनाभर हेच चाललं होतं.

धुरे काढून टाकायचे. किती सोपं वाक्य आहे.

आमच्याकडे सून घरात आली की पहिल्या आषाढात सासू तिला एक धुरा देते. बांधीतलं धान घराचं. धुऱ्यावरची तूर त्या बाईची. पहिलं बी ती माहेरून आणते, स्वतः टोचते, स्वतः कापते. माझा धुरा मला देवकाबाईने, माझ्या सासूने दिला. त्याला वीस वर्षं झाली. त्या तुरीचं मी काय केलं, डाळ केली की मार्कंड्याच्या जत्रेत नेऊन विकली की बहिणीला देऊन टाकली, हे मला कोणी कधी विचारलेलं नाही. घरात एवढी एकच गोष्ट आहे जिचा हिशोब मला कोणी विचारत नाही.

सोसायटी झाली तेव्हा बांध्या कागदावर चढल्या. धुरे चढले नाहीत. धुरा कोणाचा तरी असतो, हे सोसायटीच्या अकरा माणसांपैकी एकालाही सुचलं नाही, आणि त्या अकराही जणांनी जन्मभर धुऱ्यावरच्या तुरीचं वरण खाल्लेलं होतं.

म्हणून मी बैठकीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"लहान घ्या," म्हटलं.

"वहिनी," मनसाराम म्हणाला. त्याला थट्टेशिवाय तोंड उघडता येत नाही. "लहान घेतला तं पलीकडच्या गावचे लोकं हासतीन. म्हणतीन, टॅक्टर सांगून बकरी बांधली."

"मोठा बांधून पाच वर्षं झाले, भाऊजी. कोंबड्याच बसते त्याच्यावर."

सगळे हसले. सोसायटीचा अध्यक्षही हसला. अध्यक्ष म्हणजे माझ्या कुंताचा बाप. त्याचं नाव मी घेत नाही, आमच्यात बायको घेत नाही. गाव त्याला इस्तारीभाऊ म्हणतं.

"बरं," कुंताचा बाप म्हणाला. "लहान मागवू, पाहू चालवून. धुऱ्याले हात नाई लागन."

हे वाक्य त्याचं आहे. त्याच्याच तोंडचं. लक्षात ठेवा.

बांधी पहिली

लहान ट्रॅक्टर आषाढात आला, सोबत नागपूरचा एजंट. एजंटने जोडे काढून हातात घेतले आणि धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं. बांध्या पाण्याने भरलेल्या होत्या, परे, म्हणजे धानाची रोपं, हातभर वाढले होते, दोन दिवसांत रोवणा, म्हणजे लावणी, सुरू व्हायची होती. वरच्या दोन धुऱ्यांवर शकुबाईची आणि मनकर्णेची, खालच्यावर माझी तूर वीतभर उगवली होती.

माणसांनी दोर टाकून बांधीची रुंदी मोजली. ट्रॅक्टरची लांबी मोजली. वळायला किती जागा लागते ते सोसायटीतल्याच गोविंदाने काठीने चिखलात गोल काढून दाखवलं, आणि तो गोल लगेच पाण्याने पुसला गेला तरी सगळ्यांनी मान हलवली. मग जाफरभाई चढला. जाफरभाई आरमोरीचा. मोठा ट्रॅक्टर पाच वर्षं तोच सांभाळत होता, यंत्रातलं कळणारा तो एकटाच.

रस्त्यावरून ट्रॅक्टर सरळ पहिल्या बांधीत उतरला. चिखल केला. वळला. एकाही धुऱ्याला चाक लागलं नाही. बैलांना अर्धा दिवस लागतो तेवढं त्याने एजंटची बिडी संपायच्या आत केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. लपवत नाही.

"चाल आता दुसरीत!" कुंताचा बाप ओरडला.

जाफरभाईने ट्रॅक्टर धुऱ्यापर्यंत आणला. थांबवला. धुऱ्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं.

बैल धुरा ओलांडतो. पाय उचलतो, पलीकडे ठेवतो. माणूस नांगर खांद्यावर घेतो आणि मागून जातो. आमच्या बापाने, आज्याने, त्याच्या आज्याने हेच पाहिलं. एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जायला वाट लागते, हे आमच्यात कोणाच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं, कारण वाट कधी लागलीच नव्हती. महिनाभर बैठका. दोर. काठी. गोल. सगळं मोजलं आणि हे कोणी मोजलं नाही.

मीही नाही. त्याचा राग वेगळा आहे, तो माझ्यापाशी आहे.

"इस्तारीभाऊ," जाफरभाई म्हणाला, "सागाच्या चार जाड फळ्या पायजेत. दोन अलीकडून चढाले, दोन पलीकडे उतराले. गोदामात पडल्या हायेत."

"आनन कोन? एकेक फळी उचलाले चार जण लागते."

"मंग चार जण हायेत ना इथी."

"आपण मशीन वाहाची का मशीननं आपल्याले?" मनसाराम म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. मला तेव्हाच उठून त्या हसण्यावर काहीतरी फेकायला हवं होतं.

"फावडं घे, गोविंदा," कुंताचा बाप म्हणाला. "चार हात काप. उद्या भरून टाकू."

उद्या भरून टाकू. कोण?

"हा शकुबाईचा हाय," मी म्हटलं.

"शकुबाई परा खणून राह्यली. तिले सांगून देऊ."

फावडं पडलं, तूर उपटली गेली, चिखल बाजूला झाला आणि पहिल्या बांधीतलं पाणी

— शकुबाईचा               धुरा —

खाली दुसऱ्या बांधीत धावलं, त्याच्या मागून ट्रॅक्टर, ट्रॅक्टरच्या मागून अकरा माणसं, आणि कोणी मागे वळून पाहिलं नाही की वरची बांधी रिकामी होऊन राहिली आहे, कारण आता त्यांना वाट सापडली होती आणि वाट सापडलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही, दुसरा धुरा मनकर्णेचा होता, तिला तर कोणी नावानेही आठवलं नाही, गोविंदाने थेट फावडं मारलं, मी म्हटलं अवो, थांबा, त्यांनी ऐकलं नाही, एजंट म्हणाला वा, मशीन पाहा कशी चालते, आणि दोन बांध्यांचं पाणी एकदम

— मनकर्णेचा               धुरा —

तिसऱ्या बांधीत येऊन माझ्या धुऱ्याला धडकलं.

तिथे थांबलं.

तिथे मी होते.

बांधी तिसरी

त्यांच्या आधी धावत येऊन मी माझ्या धुऱ्यावर बसले होते. मधोमध. पाय खाली सोडून. माझ्या दोन्ही बाजूंना तूर होती आणि पायांना तीन बांध्यांचं पाणी लागत होतं. ट्रॅक्टर माझ्यासमोर सहा हातांवर येऊन उभा राहिला. त्याच्या पुढच्या चाकांना पाणी अर्ध्यावर आलं होतं.

"ऊठ," कुंताचा बाप म्हणाला.

"धुऱ्याले हात नाई लागन, कोन म्हणलं होतं?"

"अवो, चारच हात कापाचा हाय."

"शकुबाईचे चार. मनकर्णेचे चार. माहे चार. पुढच्या साली आणखी चार. मंग एक दिवस म्हणान, हे धुरे तं फुटलेच हायेत, ठेवाचे काऊन."

"कोन म्हणन?"

"तुमी. मीच आणला हा टॅक्टर तुमच्या डोक्यात. म्हणलं, मोठा हाय म्हणून धुरे जाते, लहान आणला तं राहीन. मोठ्यानं कमीत कमी सांगून खाल्ले असते."

मनसाराम म्हणाला, "वहिनी, चार हात तुरीसाठी सोसायटी अडवता का? मी देतो तुमाले पायलीभर तूर."

"कोनाच्या धुऱ्याची देता, भाऊजी? तुमच्या बायकोच्या? इचारलं तिले?"

तो मागे सरकला. थट्टा विसरलेला मनसाराम मी पहिल्यांदा पाहिला. माझा राग त्याने कमी झाला नाही, वाढला. एवढं सोपं होतं?

"गोविंदा, काप," कुंताचा बाप म्हणाला. "तिच्या बाजूनं काप. पाणी चढून राह्यलं. नाई कापला तं सगळाच फुटन."

हे खरं होतं. ते पाणी आणलं कोणी, तेही खरं होतं. गोविंदा माझ्या डाव्या हाताला आला. त्याने फावडं उचललं. ज्या जागी उचललं तिथे वीस वर्षांपूर्वी देवकाबाईने माझ्या हातात बी दिलं होतं आणि सांगितलं होतं, इथून टोच.

"इस्तारी!"

मी म्हटलं.

फावडं वरच राहिलं. एजंटला काही कळलं नाही, तो नागपूरचा. बाकी सगळ्यांना कळलं. कुंताच्या बापाचं तोंड असं झालं जसं कोणी त्याला भर बाजारात उघडं केलं. मलाही वाटलं की माझी जीभ जळेल. जळली नाही. म्हणून पुन्हा म्हटलं.

"इस्तारी, मांगं पाय."

त्याने मागे पाहिलं.

— शकुबाईचा धुरा —
— मनकर्णेचा धुरा —

वर शकुबाई टोपलीने चिखल टाकत होती, तिच्या खाली मनकर्णा पायाने दाबत होती. रोवण्याच्या बायका परा टाकून आल्या होत्या. त्यांनी हे ठरवून केलं नाही. कोणालाच ट्रॅक्टर अडवायचा नव्हता. पाणी वाहून जाताना दिसलं की आमचे हात आपोआप चालू होतात, एवढंच. शकुबाई तोंडाने शिव्या देत होती, नाव कोणाचंच घेत नव्हती, म्हणून त्या सगळ्यांना लागत होत्या. शेवटची टोपली पडली. शेवटची लाथ बसली. पाणी थांबलं.

लहान ट्रॅक्टर तिसऱ्या बांधीत होता. मागे मनकर्णेचा धुरा बंद. त्याच्यामागे शकुबाईचा बंद. पुढे मी.

"अरे," एजंट म्हणाला, "मला संध्याकाळी वडशाची गाडी पकडायची आहे."

जाफरभाईने इंजिन बंद केलं. उतरला. बोनेटवर हात ठेवून उभा राहिला आणि आकाशाकडे पाहत म्हणाला, "फळ्या गोदामात हायेत."

कोणी हसलं नाही.

पावसाची एक सर येऊन गेली. मग कुंताचा बाप मनकर्णेच्या धुऱ्याजवळ गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण मनकर्णेचं उत्तर ऐकू आलं. "कापाले नाई म्हणते मी. फळीवरून ने." मग शकुबाईकडे गेला. तिचं उत्तर कोपऱ्यातल्या पळसावरच्या बगळ्यांनीही ऐकलं असेल.

मग माझ्याकडे आला.

"कुठून काढू?" त्याने विचारलं.

वीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा विचारलं. शेतातलं काहीही. कुठून, केव्हा, किती, काहीही.

"आधी हे सांगा, घ्याचा हाय का नाई?"

"तू सांग."

"घ्या," मी म्हटलं. "चांगला चालते. चिखल चांगला करते. पण फळ्यांसकट घ्या. जितक्या वेळा धुरा वलांडन, तितक्या वेळा फळ्या तुमच्या खांद्यावर. बाया नाई वाहणार. आन हे बैठकीत लिहून घ्या, बांध्या लिहिल्या तसं. धुरा कोनाचा, नावानं."

"एवढं?"

"नाई, एवढं नाई. शकुबाईची आन मनकर्णेची चार-चार हात तूर कोन परत लावन? आता बी टोचलं तं उगवन, पण मांगं राहीन. ते तुमी टोचाचं. तुमी सोता. वाकून."

त्याने मान हलवली. रागाने हलवली. हलवू द्या, माझाही राग गेला नव्हता.

फळ्या आल्या. चार फळ्या, प्रत्येकीखाली चार-चार माणसं, आळीपाळीने, चिखलात मांडीपर्यंत रुतत. मनसाराम पहिल्या फळीखाली होता. एजंटने जोडे एका हातात धरून दुसऱ्या हाताने फळीला नुसता स्पर्श केला होता, तोही मोजला तर त्या फळीला पाच. दोन अलीकडून टेकवल्या, दोन पलीकडून.

मी उठले. धुऱ्यावरून चालत गेले, डावीकडे, जिथे तूर विरळ उगवली होती, दोन रोपांमध्ये दोन हात मोकळे होते. तिथे पाय ठेवला.

"इथून," म्हटलं. "आन हळू."

जाफरभाईने इंजिन चालू केलं. कुंताचा बाप फळीचं टोक दाबून धरून वाकून उभा होता. यंत्र चढलं. फळी चिखलात बोटभर बसली. माझ्या तुरीची तीन रोपं मोडली.

मी मोजली. कुंताच्या बापानेही मोजली. मी त्याच्याकडे पाहत होते.