जुन्या मापाची टाकी

छताच्या हुकाला लटकणारी पाळण्याची रिकामी साखळी वाऱ्यानं किणकिणली. दयानंदचा घास हातातच राहिला. रजनी तव्यावरची भाकरी उलटत होती, ती पाठमोरीच राहिली. साखळी थांबली तरी दोघांपैकी कुणी वर पाहिलं नाही.

"आज डिझेलची टाकी बदलायची हाय," घास ताटात ठेवत तो म्हणाला. "पट्ट्याखालनं गळतीय."

बाळ गेल्यापासून तो घरात बोललाच तर असं, गाडीबद्दल.

माण गावातली जमीन आयटी पार्कात गेली, तेव्हा आलेल्या पैशातून त्यानं ट्रेलर घेतला होता. न्हावाशेव्याला कंटेनर चढवायचा, चाकणला उतरवायचा. परक्या पंपावरच्या डिझेलात रॉकेल असतं, म्हणून टाकी भरायची ती पौड रस्त्यावरच्या ओळखीच्या पंपावरच. आणि पंपापर्यंत आलेला माणूस घरी आल्यावाचून कसा राहील? टाकी तळाला जायचे दिवस रजनीला बरोब्बर कळत. ती डाळीत मूठभर वाढीव घाली. श्रावणात बाळ तापानं फणफणलं, तेव्हा दयानंदचा ट्रेलर बंदरावरच्या रांगेत मागच्यापुढच्या गाड्यांत अडकून पडला होता. तो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

रविवार होता. थोरल्या लेकीनं, जुईलीनं, गाडीत बसायचा हट्ट धरला, म्हणून रजनीही निघाली.

पिरंगुटच्या पुढं हैबतरावांचं ट्रकच्या टाक्या बसवून द्यायचं आवार होतं. चौकोनी, गोल, लोखंडी, अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या चिंचेखाली ओळीनं मांडलेल्या. हैबतराव ट्रेलरखाली वाकले, गळती बोटानं पुसून वास घेतला.

"संपली बिचारी. म्हातारीच्या कमरंवानी पट्टा रुतलाय. आता वेल्डिंगचा नाद सोडा. रूट कुठला धरताय?"

"चेन्नई. तितनं कलकत्ता," दयानंद म्हणाला. "तिकडंच माल मिळतोय. मधी हिकडं याया नगं."

जुईलीच्या पायात चप्पल घालता घालता रजनी थांबली. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"मग ह्या दोन मोठ्या घ्या, दोन्ही अंगाला एकेक," हैबतराव हसले. "पर वयनी, मोठी टाकी बसवली की मालक घर इसरतो बरं का! बायका मला शिव्या घालत्यात."

कुणीच हसलं नाही. हैबतरावांनी उगाच एका टाकीवर टिचकी मारली.

"जुन्या मापाची बसवा की," रजनी म्हणाली. "दोन टाक्यांचं वजन लई हुईल. तेवढा माल कमी."

"अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या असत्यात," दयानंद म्हणाला.

"आन् रॉकेलवालं डिझेल लागलं तर? इंजिनाचा पंप जाईल."

"हायवेला आता चांगलं मिळतंय."

"बॅटरीच्या पेटीला घासंल. जागा कुठं हाय तितं?"

हैबतरावांनी बोलायला तोंड उघडलं, दोघांकडं पाहिलं, आणि पाना शोधायच्या निमित्तानं ते शेडमध्ये गेले.

दयानंद टाकीचं झाकण नुसतंच पिळत होता. उघड, बंद. उघड, बंद.

"रजने, मला त्या घरात झोप लागत न्हाई."

"मला तरी कुठं लागतीय?"

"तुला निदान..." तो थांबला. "तू त्याच्यापशी हुतीस."

"व्हय. हुते. मांडीवरच हुता." तिचा आवाज चढला नाही. "म्हणून तितं मी एकटीनंच जागायचं व्हय?"

चिंचेचा पाला टाक्यांवर भुरभुरत होता. जुईली एका पोकळ टाकीत तोंड घालून स्वतःचंच नाव घुमवत होती. दयानंदनं झाकण सोडलं. त्याच्या गालावर दाढीचे खुंट पांढरट दिसत होते. हा माणूस एवढा कधी वाळला, तिनं नीट पाहिलंच नव्हतं. ती तरी कुठं कुणाकडं पाहत होती?

"तूच सांग," तो म्हणाला. "तू म्हणशील ती बसवतो. जुनी म्हण, जुनी."

तो खरंच बसवेल, हे तिला ठाऊक होतं. दर फेरीला येईल, ताटावर बसेल, साखळी वाजली की घास ठेवून देईल. येईल, पण असाच.

हैबतराव पाना घेऊन परतले.

"मोठ्याच बसवा, दोन्ही," रजनी म्हणाली. "आतले आडवे पत्रे नीट बघून द्या. घाटात डिझेल हिंदकळाया नगं. आन् झाकणाला कुलूप."

दयानंदनं मान खाली घातली. त्याचा हात तिच्या खांद्याकडं निघाला होता; हाताला डिझेल होतं, तो त्यानं पँटला पुसला आणि तसाच खाली राहू दिला.

दुपार कलली तेव्हा नव्या टाक्या उन्हात नव्या भांड्यांसारख्या चमकत होत्या. ओळखीच्या पंपावर डिझेल भरत राहिलं, भरत राहिलं. पंपवाला पोरगा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत उभा. तिथूनच चेन्नईला निघायचं होतं. दयानंदनं जुईलीला उचलून तिच्या केसांत नाक खुपसलं, बराच वेळ. मग खाली ठेवलं.

"जेवत जावा वेळंवर," रजनी म्हणाली.

"व्हय."

ट्रेलर वळणाआड गेला. आवाज मात्र बराच वेळ येत राहिला. रजनीनं पदरानं जुईलीच्या गालावरची धूळ पुसली, आणि पुसून झाल्यावरही ती पुसतच राहिली.

"आई," जुईलीनं तिचं मनगट धरलं, "एवढ्या मोठ्या टाक्या संपायला किती दिवस लागत्यात गं?"